आधी चाक, मग इंजिन, मग बॉयलर

दोन्ही कुशींना चाकं असलेली आगबोट, तिचं मीटर-दीड मीटर लांबीचं मॉडेल आणि ते खऱ्या वाफेवर चालवणारं इंजिन व बॉयलर हा या पुस्तकाचा विषय आहे. असं मॉडेल विजेच्या मोटरवरही चालतं, आणि कमी कष्टात चालतं. तरीही वाफेचा आग्रह धरण्याला कारण आहे. चाकांच्या आगबोटीत यंत्र लपलेलं नसतं. क्रँक वरखाली होताना दिसतो, चाकाच्या फळ्या पाण्यात शिरताना ऐकू येतात, धुरांड्यातून ऊन हवा येते. वाफ काढून घेतली तर या जातीच्या बोटीचं केवळ बाह्य रूप उरतं.

हे काम हाती घेणारे बहुतेक जण एका ठरावीक क्रमाने जातात. प्रथम डोळ्यांत भरणारं एखादं इंजिन घेतात. मग त्याच्या जोडीला मिळेल तो बॉयलर शोधतात. शेवटी दोन्ही बोटीत बसवू पाहतात, तेव्हा बोट प्रमाणाबाहेर खोल बसते, इंजिन भरधाव फिरतं आणि चाकं नुसता फेस काढतात. इंजिन चांगलं असतं, बॉयलरही चांगला असतो, चुकलेला असतो तो क्रम. या पुस्तकाचं म्हणणं एकच आहे: हिशेब पाण्यापासून सुरू करावा. बोट किती वजन पेलते, चाक किती वेगाने फिरायला हवं, त्याला कसं इंजिन लागेल, त्या इंजिनाला दर मिनिटाला किती वाफ लागेल, आणि तेवढी वाफ देणारा बॉयलर केवढा, अशा क्रमाने. बॉयलर शेवटी येतो, पण त्याचं माप पहिल्या पायरीवरच ठरू लागतं.

हा क्रम चुकला की काय होतं, याचा मोठ्या मापातला दाखला मुंबईच्याच गोदीत सापडतो. नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची चाकांची आगबोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता आणि एडनपर्यंतची वाट होती अकरा दिवसांची. म्हणून कोळसा प्रवाशांच्या दालनात आणि खोल्यांतही भरला गेला. बोट पाण्यात खोल बसली आणि चाकं हवी त्याहून जास्त बुडाली. एडनला ती पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. २२ एप्रिलला तिने सुएझ गाठलं आणि मुंबई-सुएझ वाफेची वाट खुली झाली. त्या खलाशांच्या हिमतीला तोड नाही. पण मॉडेल करणाऱ्याने त्यातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: प्रोपेलरची बोट थोडी जास्त बुडाली तर निभावतं, चाकांच्या बोटीचं निभावत नाही. चाकाच्या खालच्या फळ्या पाण्याखाली पुरत्या झाकल्या जाव्यात, त्याहून फार खोल जाऊ नयेत. खोल गेलेली फळी बोट पुढे ढकलण्याऐवजी शिरताना पाणी खाली दाबते आणि निघताना ते वर उचलते. इंजिनाची ताकद तिथे जिरते.

पुस्तकभर उदाहरण म्हणून मी ‘किंग्जवेअर कॅसल’ ही इंग्लंडची बोट घेतली आहे. डेव्हन परगण्यातल्या डार्ट नदीवर डार्टमथ ते टॉटनेस प्रवासी नेण्यासाठी ती १९२४ मध्ये बांधली गेली. ती आजही कोळशावर चालते. तिचं इंजिन तिच्याहून वयाने मोठं आहे: ते १९०४ चं, त्याच नावाच्या आधीच्या बोटीतून काढून घेतलेलं. बांधणाऱ्यांना ते इंजिन किती ताकद देतं आणि त्या नदीवर कसं वागतं हे वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून त्याच्याभोवती नवी बोट आखणं त्यांना जमलं. आपल्यापाशी तसा अनुभव नसतो, त्याची जागा हिशेबाने भरावी लागते. मॉडेलासाठी ही बोट सोयीची आहे, कारण ती मुळात लहान आहे. स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ सुमारे ७३ मीटर लांब आहे. तिचं दीड मीटरचं मॉडेल केलं तर प्रमाण १:४८ वर जातं आणि सगळे भाग नाजूक होतात. ‘किंग्जवेअर कॅसल’ सुमारे ३४ मीटरची, म्हणून तेवढ्याच जागेत १:२४ चं प्रमाण मिळतं.

आता वजन. १:२४ च्या मॉडेलाची लांबी १.४ मीटर, चाकांची घरं सोडून रुंदी २२ सेंटिमीटर आणि पाण्यात बसण्याची खोली जेमतेम ३.८ सेंटिमीटर. या तिन्हींचा गुणाकार ११.७ लिटर होतो. बोटीची टोकं निमुळती आणि तळाचे कोपरे गोल, म्हणून त्यातला साधारण ६० टक्के भाग खरा धरायचा. म्हणजे सात लिटर, म्हणजेच सात किलो. बोटीचं लाकूड किंवा फायबर, डेक, चाकं, धुरांडं, इंजिन, बॉयलर, पाणी, गॅस, रेडिओचा सरंजाम, सगळं मिळून सात किलो. बोटीवर तीन किलो गेले तर यंत्रसामग्रीला चार उरतात. दुकानातलं इंजिन बघायला जाण्याआधी हा आकडा खिशात हवा.

दुसरा आकडा चाकाच्या फेऱ्यांचा. खऱ्या बोटीचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर १:२४ चं मॉडेल ताशी १५ भागिले २४, म्हणजे सव्वासहाशे मीटर वेगाने जावं असं वाटतं. तसं गेलं तर ते पाण्यावर मेल्यासारखं दिसतं. लाटांचं गणित निराळं आहे, ते विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. बोटीने उठवलेल्या लाटा खऱ्या बोटीसारख्या दिसायच्या तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. २४ चं वर्गमूळ ४.९. म्हणून मॉडेलाचा वेग ताशी तीन किलोमीटर, सावकाश चालणाऱ्या माणसाइतका. चाकाच्या फेऱ्यांचं उलट होतं, ते तितक्याच पटीने वाढतात. मोठ्या बोटींची चाकं मिनिटाला ३० ते ५० फेरे घेतात, तर मॉडेलाची १५० ते २५०. आपण २०० धरू.

मिनिटाला २०० फेरे हा आकडा इंजिनाच्या निवडीत निर्णायक ठरतो. बाजारात मिळणारी बहुतेक लहान वाफेची इंजिनं प्रोपेलरसाठी घडवलेली असतात आणि त्यांना हजार फेऱ्यांच्या आसपास बरं वाटतं. २०० फेऱ्यांवर त्यातली कित्येक अडखळतात, एकच सिलिंडर असेल तर मृतबिंदूवर थांबतात. चाकांच्या बोटीला फ्लायव्हीलच्या जोरावर रेटून नेता येत नाही, कारण धक्क्याला लागताना तिला थांबून, उलटं फिरून, पुन्हा पुढे निघायचं असतं. म्हणून माझा आग्रह स्पष्ट आहे: दोन सिलिंडर, दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे, आणि क्रँक एकमेकांशी ९० अंशांत. अशा जोडणीत एक दट्ट्या टोकाला असतो तेव्हा दुसरा भर जोरात असतो, त्यामुळे इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी वाफ सोडताच हाताशिवाय सुरू होतं.

सिलिंडर हलता की स्थिर, हा पुढचा प्रश्न. हलत्या सिलिंडरचं इंजिन खेळण्यातलं, असा एक समज आहे. तो काढून टाकावा. लंडनजवळच्या ग्रिनिचचे जॉन पेन हलत्या सिलिंडरच्या सागरी इंजिनांसाठी नावाजलेले होते. त्यांच्या कारखान्यातलं १८४१ चं तसं इंजिन जर्मनीत ड्रेस्डेनच्या ‘डीसबार’ या चाकांच्या बोटीत आजही आहे. मॉडेलातल्या हलत्या सिलिंडरला वेगळी झडप लागत नाही, तो कमी जागेत मावतो, घरच्या लेथवर करता येतो, आणि वाफेची आत-बाहेरची वाट अदलाबदल केली की उलटा फिरतो. त्याची मर्यादा दाबाची आहे: सिलिंडर आणि उभा ठोकळा यांच्या घासत्या तोंडांना स्प्रिंग धरून ठेवते, दाब वाढला की तिथून वाफ निसटते. दोन बारपर्यंत तो उत्तम. त्यावर दाब न्यायचा असेल, किंवा वाफ अर्ध्या स्ट्रोकला तोडून उरलेल्या प्रसरणाचा फायदा घ्यायचा असेल, तर स्थिर सिलिंडर आणि सरकती झडप घ्यावी. चाकांच्या बोटींत सिलिंडर बहुधा तिरपे, डेकखाली आडवे पसरलेले असत. मॉडेलातही ती मांडणी शहाणपणाची, कारण वजन खाली राहतं आणि शाफ्ट चाकाच्या उंचीला आपोआप येतो.

मग गिअर लावावेत की इंजिन थेट चाकाच्या शाफ्टवर घालावं? इथे हिशेब एक सुंदर गोष्ट दाखवतो. १२ मिलिमीटर व्यास आणि १२ मिलिमीटर स्ट्रोकचं दोन सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात सुमारे ५.४ घन सेंटिमीटर वाफ घेतं. त्याला तीनास एक गिअर लावून ६०० फेऱ्यांवर चालवलं तर मिनिटाला सव्वातीन लिटर वाफ लागते. त्याऐवजी १६ मिलिमीटर व्यास आणि २० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन थेट शाफ्टवर २०० फेऱ्यांनी चालवलं तरी वाफ तेवढीच, सव्वातीन लिटर. म्हणजे बॉयलर दोन्हीकडे जवळजवळ एकच. गिअरचं इंजिन हलकं आणि लहान असतं, पण दात्यांचा आवाज करतं. थेट इंजिन जड असतं, संथपणामुळे थोडी वाफ जास्त गमावतं, पण क्रँक आणि चाक एका तालात फिरताना दिसतात. वजनाला जागा असेल तर मी थेट जोडणीच्या बाजूने आहे. सात किलोच्या बोटीत ती बसते, चार किलोच्या बोटीत गिअरच बरे.

दोन्ही चाकांना स्वतंत्र इंजिन देण्याचा मोह अनेकांना होतो, कारण बोट जागच्या जागी वळेल. ओढबोटींत तशी सोय खरोखर असे. प्रवासी बोटींत मात्र दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर पक्की असत, ‘वेव्हर्ली’ची आजही तशीच आहेत. प्रवासी बोटीचं मॉडेल करणाऱ्याने मोठं सुकाणू द्यावं आणि एका इंजिनावर समाधान मानावं.

बॉयलरकडे वळण्याआधी लहान मापातलं एक सत्य मान्य करावं लागतं. १:२४ च्या प्रमाणात घनफळ १३,८२४ पटींनी घटतं, पृष्ठभाग ५७६ पटींनीच. म्हणजे प्रत्येक ग्रॅम वाफेच्या वाट्याला मोठ्या इंजिनाच्या २४ पट धातूचा पृष्ठभाग येतो. तो धातू वाफेची उष्णता पितो आणि वाफेचं सिलिंडरमध्येच पाणी होतं. म्हणून मोठ्या बोटींत कोळसा वाचवणारी कंपाउंड इंजिनं, ज्यांत एका सिलिंडरमधून निघालेली वाफ दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा काम करते, या मापाला फारशी फळत नाहीत. ‘किंग्जवेअर कॅसल’चं इंजिन कंपाउंड आहे, पण आपल्या मॉडेलात दिसायला तसं आणि चालायला साधं इंजिन घ्यावं. मेहनत घ्यायचीच तर ती सिलिंडर आणि नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन घालण्यात, वाफेची नळी धुरांड्याच्या तळातून फिरवून वाफ कोरडी करण्यात घ्यावी.

आता बॉयलरचं माप. दाब दोन बार धरला तर सव्वातीन लिटर वाफेचं वजन सुमारे साडेपाच ग्रॅम भरतं. वाटेत पाणी होणारी आणि निसटणारी वाफ धरून मिनिटाला दहा ग्रॅम पाण्याची वाफ करायची तयारी ठेवावी. बॉयलर करणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: साध्या बांधणीत १०० चौरस सेंटिमीटर तापता पृष्ठभाग मिनिटाला अडीच ग्रॅम पाण्याची वाफ करतो. म्हणून आपल्याला ४०० चौरस सेंटिमीटर हवेत. वीस मिनिटं बोट चालवायची तर २०० ग्रॅम पाणी खर्च होईल, आणि आगीच्या नळीवर पाणी कायम राहिलं पाहिजे. म्हणजे सुमारे अर्धा लिटरचा बॉयलर, पाऊण भरलेला. दहा ग्रॅम वाफेला साडेचारशे वॅटच्या आसपास उष्णता लागते, आणि निम्मी उष्णता धुरांड्यातून जाते असं धरून बर्नर नऊशे वॅटचा हवा. एवढ्या आगीतून चाकाच्या शाफ्टवर हाती येतात चार-पाच वॅट. ऐकायला ते थोडे वाटतात, पण शांत तळ्यावर सात किलोच्या बोटीला पुरतात.

आकार कोणता, हे मराठी घरातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांनी मध्यनळीचा बॉयलर पाहिलेला आहे: मधल्या नळीत आग, भोवती पाणी. हा बंब आडवा केला, दोन्ही तोंडं बंद केली आणि आगीच्या नळीत आडव्यातिडव्या पाण्याच्या बारीक नळ्या घातल्या की आपला बॉयलर तयार होतो. त्या नळ्यांमुळे तापता पृष्ठभाग वाढतो. उभा बॉयलर दिसायला देखणा, पण पावणेचार सेंटिमीटर बुडणाऱ्या आणि वर चाकांची घरं वागवणाऱ्या बोटीत तो वजन उंचावर नेतो आणि बोट कलंडू लागते. आडवाच घ्यावा, शक्य तितका खाली आणि बोटीच्या मध्याजवळ बसवावा. दोनशे ग्रॅम पाणी संपलं तर बोट मिलिमीटरभरही वर येत नाही, पण बॉयलर एका टोकाला असेल तर तेवढ्यानेच ते टोक उचललं जातं.

बंबाचं साम्य इथेच संपतं, आणि याबाबत मला कठोर राहायचं आहे. बंब उघडा असतो, बॉयलर दाबाखाली असतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराच्या हातात तांब्याला आकार देण्याचं जे कसब आहे त्याचा लाभ जरूर घ्यावा, पण सांधे चांदीच्या ब्रेझिंगचेच हवेत. ते सहाशे अंशांच्या वर वितळतं. कथलाचा साधा डाख दोनशे अंशांच्या आसपास सुटतो आणि दोन बारची वाफच १३३ अंशांची असते. पाणी संपलं आणि बर्नर चालू राहिला तर तो डाख टिकत नाही. फिटिंगचे बुश पितळेचे नकोत, गनमेटलचे घ्यावेत, कारण गरम पाणी पितळेतलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं. पाणी डिस्टिल्ड वापरावं. दख्खनच्या बोअरचं पाणी क्षारांचा थर धरतं आणि बारीक नळ्या बंद करतं.

नवा बॉयलर कामाच्या दुप्पट दाबाला पाण्याने तपासावा, हवेने कधीही नव्हे. पाणी दाबलं तरी आकसत नाही, म्हणून सांधा फुटला तर ते नुसतं गळतं. दाबलेली हवा स्फोट करते. सेफ्टी व्हॉल्व्ह बर्नर पूर्ण चालू असताना आणि इंजिन बंद असतानाही दाब वाढू न देणारा असावा, हे प्रत्यक्ष करून बघावं. भारताच्या बॉयलर कायद्याच्या कक्षेत २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर येत नाहीत. म्हणजे आपल्या अर्ध्या लिटरच्या बॉयलरला निरीक्षक नाही. निरीक्षक आपणच, म्हणून तपासणीची वही ठेवावी आणि दर वर्षी चाचणी करावी.

इंधनाला ब्युटेनप्रधान मिश्रणाचा गॅस उत्तम. थंड देशांत ब्युटेन आळसावतो, आपल्याकडे ती अडचण क्वचित येते. आपली अडचण उलटी आहे: उन्हात टाकीचा दाब चढतो. म्हणून छोट्या टाकीत शुद्ध प्रोपेन किंवा स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरू नये. ब्युटेनचा गॅसही हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या बुडाशी साचतो. काडी लावण्याआधी बोट उघडी ठेवून वारा खेळू द्यावा. थंड पाण्यापासून वाफ धरायला नऊ-दहा मिनिटं, मग वीस मिनिटांची फेरी, एवढ्याला पस्तीस ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. मोठी टाकी वागवण्यात अर्थ नाही. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ सोबत तेल आणते. ते टिपणारी लहान डबी धुरांड्याआधी बसवावी. तळं दुसऱ्यांचंही असतं, आणि त्यातले मासे कुणाचं मॉडेल बघायला आलेले नसतात.

पुढची प्रकरणं याच क्रमाने जातात: बोटीचं वजन, चाक आणि त्याच्या फळ्या, इंजिन, बॉयलर, बर्नर, आणि शेवटी पाण्यावरची पहिली फेरी. ज्यांच्यापाशी लेथ आहे त्यांना इंजिन करण्याचे नकाशे मिळतील. ज्यांच्यापाशी नाही, त्यांना विकत घ्यायचं इंजिन पारखण्याचे निकष मिळतील. स्टुअर्टसारख्या इंग्लिश कंपनीचे ओतीव भाग आणून घडवा, जपानी सायतोचं तयार इंजिन घ्या, की कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतून घ्या, कसोट्या त्याच राहतात. माझं वाचकाला कळकळीचं सांगणं एवढंच: कुठल्याही दुकानात पाऊल टाकण्याआधी एका कागदावर चार आकडे लिहा. बोटीचं वजन, चाकाचे फेरे, मिनिटाला लागणारी वाफ आणि बॉयलरचा तापता पृष्ठभाग. ते चारही एकमेकांशी जुळेपर्यंत पैसे खर्चू नका, आणि जुळले की मग उशीरही करू नका.